जांभळ्या काठाचं धोतर

दिवाळीच्या तोंडावर आमच्या दारात पोस्टमन येतो आणि "काकू, दिवाळी!" म्हणून उभा राहतो. मी त्याला फराळाची पुडी देते. चकल्या, शेव, चार अनारसे, सगळं नीट बांधून. पण हसून देत नाही. सून मागून म्हणते, "आई, त्या बिचाऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" यानं काही मारलेलं नाही. ज्यानं मारलं तो केव्हाच गेला. आणि त्याच्यासारखा पोस्टमन आयुष्यात दुसरा पाहिला नाही, हेही मीच सुनेला सांगते. ती गोंधळते. तिचं काय चुकलं? मीही इतकी वर्षं गोंधळलेलीच आहे.

त्याचं नाव डोमाजी. आमची गल्ली नागपुरात, इतवारी बाजाराच्या मागच्या अंगाला, सगळी विणकर कोष्ट्यांची. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला तिथे तीसेक घरं होती आणि घरटी निदान एक माग. उजाडलं की धोटे चालू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. अकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी डोमाजी दिसायचा. उंच, किडकिडीत, अंगात खाकी कोट. तो कोट त्याला दोन माणसांचा होता. सरकारने माप घेताना बहुतेक दुसऱ्याच कोणाला उभं केलं असावं. काखेत चामड्याची थैली, कानावर जांभळी उमटणारी पेन्सिल. लिहिण्याआधी ती पेन्सिल जिभेला लावायची खोड होती, म्हणून जीभ बारा महिने जांभळी. गल्लीतली पोरं त्याला "डोमाकाका, जीभ दाखवा" म्हणायची आणि तो खरंच दाखवायचा.

दुसरे पोस्टमन "पोष्ट!" म्हणून ओरडतात आणि उंबऱ्यातून कागद भिरकावतात. डोमाजी तसं कधी करत नसे. ज्याचं पत्र त्याचं नाव तो पुकारायचा, तेही पूर्ण, बापासकट, नाहीतर नवऱ्यासकट. आणि हे आमच्या गल्लीत फार मोठं होतं. तिथे बाईला नाव नसायचं. कोणी किसन्याची बायको, कोणी धाकल्याची माय, कोणी उमरेडवाली. लग्न होऊन दहा-दहा वर्षं झालेल्या बायांची नावं शेजाऱ्यांना ठाऊक नव्हती. अशा गल्लीत भर दुपारी हा माणूस खणखणीत आवाजात "सौभाग्यवती अनसूयाबाई महादेवराव!" म्हणायचा, तेव्हा मागावरची माणसं हात थांबवून एकमेकांना विचारायची, "हे कोण गा?" ती समोरच्या घरातली, सहा वर्षांपासून रोज दिसणारी उमरेडवाली असायची.

या अनसूयेचीच गोष्ट सांगते. तिचं पत्र आलं तेव्हा ती नळावर गेली होती. सासू दारात बसली होती. तिने हात पुढे केला.

"दे अथी. मी सासू आहो तिची."

"आत्याबाई," डोमाजी म्हणाला, "मले सरकारनं नावं वाचाले ठेवलं, नाती वाचाले नाही. अनसूयाबाई येऊ द्या. मी उभा आहो."

वैशाखातलं ऊन होतं. नागपूरचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तो माणूस तिथे त्या दोन माणसांच्या कोटात पाऊण तास उभा राहिला. सासूने त्याला सावलीत बस म्हटलं नाही आणि त्याने मागितलंही नाही. अनसूया दोन घागरी घेऊन आली. ओले हात लुगड्याला पुसून तिने पाकीट घेतलं आणि लगेच त्यालाच परत दिलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. त्याने तिला ओट्याच्या कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात वाचून दाखवलं. भावाला मुलगा झाला होता, बारशाला बोलावलं होतं. सासूने मान लांब करून विचारलं, "काय लिवलं?"

"जिचा कागद तिले विचारा," म्हणून हा चालू लागला.

अनसूया बारशाला गेली की नाही, ते मला आठवत नाही. पण त्या दिवसापासून गल्लीतल्या बाया डोमाजीला देव मानायला लागल्या. मी त्या वेळी अकरा-बारा वर्षांची असेन. मीही त्यांच्यातलीच.

त्याला गंमतही कळायची. आमच्याकडे दोन नामदेव होते, दोघांच्याही बापाचं नाव पांडुरंग, आणि दोघंही लग्नाचे. एकदा काटोलहून पाकीट आलं, "नामदेव पांडुरंग, कोष्टी मोहल्ला" एवढंच लिहिलेलं. दोघांनीही काटोलला मुली पाहिल्या होत्या. दोघंही म्हणाले, माझं. भांडण हातघाईवर आलं. डोमाजीने दोघांना म्हाताऱ्या सोनबाजीच्या ओट्यावर शेजारी बसवलं, पाकिटाचं एक टोक एकाच्या हाती दिलं, दुसरं दुसऱ्याच्या, आणि म्हणाला, "फाडा." आत मुलीच्या बापाचं पत्र होतं. मुलगी देत नाही, राग मानू नये. ते वाचताच दोघंही एकदम म्हणाले, "हे त्याचं!" डोमाजीने ते पत्र शांतपणे थैलीत टाकलं. "मग आता सरकारजमा," म्हणाला. गल्ली आठ दिवस हसत होती.

दिवाळीला मात्र त्याचं आणि गल्लीचं वाजायचं. लोक ताटलीत पैसे गोळा करून त्याच्यापुढे धरायचे. हा हात जोडायचा. "पगार सरकार देते. तुम्ही काहून?" फराळ घ्यायचा, पण घरटी एकच अनारसा, आणि तोही थैलीत, पत्रांच्या वर. त्या आठवड्यात नागपुरातल्या कितीतरी लोकांना तुपाचे डाग पडलेली पत्रं मिळत असतील.

मग एका पाडव्याला तो सुट्टीच्या कपड्यांत आला, खाकीशिवाय. सोनबाजी आमच्या गल्लीतला सगळ्यांत म्हातारा विणकर. डोळे अधू झाले होते, पण कापड बोटांनी वाचायचा. त्याने डोमाजीच्या धोतराचा सोगा चिमटीत धरला आणि तोंड वाकडं केलं.

"गिरणीचं?"

"हो जी, बाबाजी."

"रोज कोष्ट्याच्या गल्लीत येतं, अन् गिरणीचं धोतर नेसतं? आमची इज्जत काय राह्यली गा?"

डोमाजी ओशाळला. सोनबाजीने तिथेच पुकारा केला. पुढच्या दिवाळीपासून डोमाजीचं धोतर ही गल्ली विणेल. सूत सगळ्यांचं, घरटी एक लडी. माग दरवर्षी पाळीने एकेका घराचा. काठ कोणता घालायचा, ते ज्याची पाळी त्याने ठरवायचं. डोमाजी "नोको जी" म्हणायला लागला, तेव्हा म्हातारा खेकसला, "हे तुले बक्षीस नोको समजू. हे आमच्यासाठी हाये."

बक्षीस नाकारता येतं, पण कोणाची इज्जत कशी नाकारणार? तेव्हापासून दरसाल भाऊबीजेला तो ते नवं धोतर नेसून गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा. प्रत्येक दारासमोर थांबायचा, गिरकी घ्यायचा, जांभळी जीभ दाखवून हसायचा. बाया ओवाळायच्या आणि ओवाळता ओवाळता नावंही ठेवायच्या. काठ ढिला पडला, वीण विरळ आली, यंदाच्या घराने सुतात हात मारलेला दिसतो. ज्यांची पाळी असेल ते घर महिनाभर आधीपासून धास्तावलेलं असायचं. मुलगी दाखवायची असावी तसं.

आमची पाळी आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

घरात बाबा, माय आणि मी. थोरला भाऊ गिरणीत लागून वेगळा झाला होता. दोन माग. एकावर बाबा, दुसऱ्यावर रोजंदारीचा माणूस. मायला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, म्हणून दोन्ही मागांना लागणाऱ्या कांड्या मीच भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती नळी. ती सुताने भरलेली हाताशी नसली तर कसाही विणकर असो, हात बांधून बसतो. पहाटेपासून रहाटावर बसून मी कांड्या भरायची, मग शाळा, मग पुन्हा कांड्या. अशी मी मराठी सातवी पास झाले आणि मुलींत पहिली आले. आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला मास्तरणींच्या ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म भरायला लावला. "विद्यावेतन मिळतं, राहायची सोय आहे, वर्षाने नोकरी," बाई म्हणाल्या. मी तो रहाटामागे बसून भरला आणि बाबांना सांगितलं नाही. सांगितलं एकाच माणसाला.

"डोमाकाका, माझा कागद येईल. रजिस्टर येईल. माह्याच हातात द्या बरं."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली. माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं.

"हे मले सांगाचं काम हाये का वं? या गल्लीत तुहं नाव पुरं कोण घेते? तुहा बाप घेते का? मीच घेतो ना?"

खरं होतं. घरी मी गोदी होते. शाळेत गोदावरी होते, आणि मोठ्या बाईंचं एक पोस्टकार्ड आलं होतं तेव्हा डोमाजीने गल्लीभर पुकारलं होतं, "कुमारी गोदावरी कान्होबा!" ते ऐकून मी रहाट सोडून धावले होते. स्वतःचं नाव असं लांबून, मोठ्याने ऐकलं की काय वाटतं, ते ज्यांना रोज ऐकायला मिळतं त्यांना नाही कळायचं.

त्या वर्षीच्या धोतराचा काठ मी ठरवला. जांभळा करवती काठ. बाबा म्हणाले, "जांभळा कोण नेसते?" मी म्हटलं, "त्याची जीभ पाहा ना." बाबा हसले आणि तयार झाले. बाबा वाईट नव्हते, हे इथेच सांगून टाकते. त्या धोतराची प्रत्येक कांडी मी भरली. एक धागा तुटला तरी गाठ न मारता अख्खी कांडी बाजूला टाकली. इतर वेळी असं केलं असतं तर मायने पाठीत धपाटा घातला असता. मला वाटायचं, हे धोतर नेसून तो आमच्या दारासमोर गिरकी घेईल, आणि तोवर माझा कागदही आलेला असेल. कोणती गोष्ट आधी होते, एवढंच पाहायचं होतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाबांनी मला आणि मायला इतवारीत पणत्या आणि तेल आणायला पाठवलं. परत आलो तर धोतराची घडी जागेवर नव्हती.

"डोमाजी येऊन गेला," बाबा मागावरून न उठताच म्हणाले. "देऊन टाकलं."

"भाऊबीजेच्या आधीच? काहून?"

"आलाच होता तर देल्लं. त्यात काय?"

मला रडू आलं. एवढं राबून विणलेलं, आणि त्याच्या हातात पडताना त्याचं तोंड मला पाहायला मिळालं नाही. मी बाबांवर दोन दिवस रुसले. कशासाठी रुसायला हवं होतं, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

भाऊबीजेला तो आला. धोतर फार देखणं दिसत होतं. उन्हात काठ चमकत होता, बाया "काय रंग हाये वं!" म्हणत होत्या. प्रत्येक दाराशी तो थांबला. आमच्या दाराशी मी ताट घेऊन उभी होते. तो आला, पाटावर बसला, मान खाली घातली, मी ओवाळलं. त्याने गिरकी घेतली नाही. "येतो" म्हणून भराभरा पुढे गेला. मी ताट घेऊन तशीच उभी राहिले आणि मनात म्हटलं, त्याला काठ आवडला नाही. रंग चुकलाच माझा. किती दिवस मी त्या रंगाला दोष देत बसले होते.

कागद आला नाही. मार्गशीर्ष गेला. मी रोज अकरा वाजता दारात यायची. डोमाजी लांबूनच मान हलवायचा, नाही म्हणून. संक्रांतीला मोठ्या बाई बाजारात भेटल्या आणि चारचौघांत माझ्यावर कडाडल्या. "तुझ्यासाठी मी शब्द टाकला आणि तू गेलीसुद्धा नाहीस? तुझी जागा दुसरीला दिली त्यांनी!"

"मला कागदच नाही आला, बाई."

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला ट्रेनिंग स्कूलच्या कचेरीत घेऊन गेल्या. तिथल्या कारकुनाने फाइल काढली. रजिस्टर पत्रासोबत एक पोचेचं कार्ड जातं. पत्र ज्याला मिळालं त्याने त्यावर सही करायची आणि ते पाठवणाऱ्याकडे परत येतं. माझं कार्ड परत आलेलं होतं. कारकुनाने ते टेबलावर सरकवलं आणि हसला.

"सातवीत पहिली आलेली मुलगी हीच का? सही येत नाही वाटतं?"

माझ्या नावापुढे अंगठा होता. काळ्या शाईचा, रुंद, आणि त्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ. ती रेघ मी ओळखली. सुताने कापून कापून बाबांच्या अंगठ्याला तशी खाच पडली होती. त्याखाली जांभळ्या पेन्सिलीने, मला पाठ असलेल्या अक्षरात लिहिलं होतं, "कुमारी गोदावरी कान्होबा हिची निशाणी अंगठा. समक्ष, डोमाजी पोस्टमन."

गल्लीत माझं नाव घेणारा तो एकटा माणूस, आणि त्यानेच त्या नावापुढे मला अंगठेबहाद्दर केलं. बाई काहीतरी बोलत होत्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, "माझं अक्षर चांगलं आहे हो, बाई." त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. मला पाहताच त्याला कळलं. थैली खाली ठेवून तो सोनबाजीच्या ओट्यावर बसला.

"पोच पाह्यली का वं?"

"पाह्यली."

त्याने पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. मग म्हणाला, "तुह्या बापानं धोतर माह्या खांद्यावर टाकलं. मग तुहा कागद मी काढला, तर तो म्हणे, डोमाजी, एवढा एक मले दे. दोन माग हायेत अन् कांड्या भरणारी एक पोरगी. थे गेली का चूल बंद. हात जोडले त्यानं. मी नाही म्हणाले तोंड उघडलं, पोरी. खरंच उघडलं. पण धोतर खांद्यावर होतं ना."

"मग ते परत द्यायचं होतं."

"अख्ख्या गल्लीचं सूत होतं त्यात."

"माह्या कांड्या होत्या त्यात."

मला गप्प बसवेना. "अन् अंगठा काहून? काहीतरी सही खरडून द्यायची होती. माझं हसं तरी झालं नसतं."

त्याने मान वर केली. त्याच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य होतं. "खोटी सही? नाही वं. सरकारी कागदावर खोटी सही कशी करू मी?"

मी हसले. त्या वेळी आलं ते हसूच. या माणसाला खोटी सही करायला हात धजत नव्हता, पण माझ्या बापाचा अंगठा शाईत बुडवून माझ्या नावापुढे टेकवायला धजला होता. आणि हे तो मला सचोटी म्हणून सांगत होता.

मोठ्या बाई म्हणाल्या, वर तक्रार कर. मी अर्ज लिहिला, सुंदर अक्षरात. ही बातमी गल्लीत कशी फुटली कोण जाणे, पण संध्याकाळी अनसूया आली. "त्याची नोकरी जाईल वं, गोदे. माह्या कागदासाठी थो उन्हात उभा राह्यला होता."

"माह्यासाठी नाही राह्यला," मी म्हटलं.

"एक चूक झाली त्याची."

"हो. अन् थे मी होती."

अर्ज मी पाठवला नाही. डोमाजीची दया आली म्हणून नव्हे. डोमाजीचं नाव लिहायचं तर अंगठा कोणाचा, तेही लिहावं लागलं असतं, आणि बाबांच्या हातात बेड्या पडल्या असत्या. दोघांनी मिळून मला असं बांधलं होतं की ओरडायलाही तोंड नव्हतं. मी पुन्हा रहाटावर बसले आणि कांड्या भरायला लागले.

बाबांचा राग आला, पण तो पुढे निवला. बाबांना माझे हात हवे होते. ते आपलं घर सावरत होते आणि मला त्यांनी कधी काही वचन दिलं नव्हतं. डोमाजीने दिलं होतं. शिवाय त्याचं कुठलं घर बुडत होतं? नुसता भिडेला बळी पडला. गल्लीने त्याच्यावर एवढं प्रेम केलं, की गल्लीतल्या एका बापाला नाही म्हणणं त्याला जड गेलं, आणि एका पोरीला फसवणं सोपं गेलं. आमचं प्रेमच त्याला बाधलं, असं मोठ्या मनाने म्हणता येईल. मी म्हणत नाही.

नंतर तो माझं नाव पुकारेनासा झाला. आमच्याकडचं काही असलं की "कान्होबाचं घर!" म्हणून हाक द्यायचा. पुढच्या दिवाळीला धोतर दुसऱ्या घरी विणलं गेलं. मी आमच्या घरची लडी दिली नाही, बाबांनी गुपचूप नेऊन दिली. भाऊबीजेला मी आत बसून राहिले. बाहेर बाया हसत होत्या. त्याच्या चालण्याचा आवाज आमच्या दाराशी आला, थबकला आणि पुढे गेला.

त्याच्या पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला, आणि पत्राची वाट पाहिलीच नाही. चार दिवस कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले आणि निवडलेल्यांची यादी फळ्यावर लागली तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी नाव वाचलं. बाबांनी एक माग विकला. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलले. मी ट्रेनिंग पुरं केलं आणि काटोलला मुलींच्या शाळेत लागले. डोमाजी नोकरीतून मोकळा झाला तेव्हा गल्लीने त्याला हार घातले, मिरवणूक काढली म्हणे. मायने कोणाकडून तरी लिहवून कळवलं. मी उत्तरात मायच्या डोळ्यांबद्दल विचारलं.

तो मला शेवटचा दिसला तो काटोललाच, संत्र्यांच्या दिवसांत. शाळा सुटत होती. दारात एक उंच म्हातारा उभा होता, बरोबर सोळा-सतरा वर्षांची मुलगी. खाकी नव्हती म्हणून पटकन ओळखू आला नाही. नागपूरहून बसने आला होता. घामाघूम झाला होता.

"ही शांता," तो म्हणाला. "नात. सातवी पास झाली. ट्रेनिंगचा फार्म भरायचा हाये, बाई."

मला तो बाई म्हणाला. मी फॉर्म घेतला. नाव लिहिलं, वडिलांचं नाव, वय. मुलगी हुशार होती, विचारलं तेवढं चटचट सांगत होती. फॉर्म भरायला एवढ्या लांब का आला, ते कळेना. नागपुरात काय लिहिता येणारी माणसं नव्हती?

"पत्ता?" मी विचारलं.

तो मुलीला म्हणाला, "जाय, बाहेर पाणी पिऊन ये." ती गेल्यावर तो टेबलावर वाकला.

"पत्ता तुमचा टाका."

"काहून? घर आहे ना तुमचं?"

"घर हाये," डोमाजी म्हणाला. "घरी बाप हाये तिचा."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने नजर खाली केली नाही. मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं, शाळेचं नाव लिहिलं, काटोल लिहिलं. त्याने डोळे बारीक करून एकेक अक्षर तपासलं.

"राग गेला का, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. "पण कागद आला का तिच्याच हाती द्याल."

मी त्याला चहा विचारला नाही. स्टँड शाळेच्या समोरच होता, त्यामुळे बस लागलेली मला वर्गाच्या खिडकीतून दिसली. शांताला त्याने जागा धरून दिली, स्वतः दांडीला धरून उभा राहिला. गाडी सुटताना त्याने शाळेच्या दिशेने एकदा पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आता कसलीच काळजी नव्हती. कागद पोचणार, याची त्याला पुरती खात्री होती. माझ्या शब्दावर तो निर्धास्त होऊन चालला होता, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. मी हात केला नाही.